बिनकल्हईची घागर

आमच्या कॉलेजात दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेला एकच प्राध्यापक होता, आणि अख्खं वाशीम त्यालाच 'दारूवाले सर' म्हणायचं. जे खरोखर घेत, त्यांना गाव 'साहेब' म्हणे. त्यातले दोघे तर संस्थेच्या मंडळावरच होते. गावाचा हा न्याय मला तेव्हाही कळला नाही आणि आताही कळत नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचा तालुका होता. श्रीपत खिल्लारे वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मी रसायनशास्त्र. त्यांचं संशोधन यीस्टवर होतं. यीस्ट ही डोळ्याला न दिसणारी बुरशी, पीठ फुगवते आणि गुळाचं पाणी आंबवते. पावाची बेकरी गावात एकच, हातभट्ट्या मात्र बऱ्याच. त्यामुळे यीस्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय यायचं ते सांगायला नको. सरांच्या खोलीच्या दाराशी आंबूस वास यायचा, मुलं नाक वर करून खोल श्वास घ्यायची आणि हसायची. सर म्हणायचे, "घ्या घ्या, वासानं कोणी पास होत नाई."

सर रिठद गावचे. ते शाळेत असताना त्यांच्या वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून घरातली दारू बंद झाली. बंद म्हणजे बंद. खोकल्याचं औषधसुद्धा सर बाटलीवरचं वाचून घेत. काळेसावळे, उंच, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत दोन वह्या आणि पाण्याची बाटली. आवाज असा की प्रयोगशाळेत बोलले तर पलीकडे माझ्या वर्गात इतिहासाच्या तासासारखी शांतता पसरे. आणि एक खोड होती. कुठलाही प्रयोग झाला आणि मुलं आनंदानं सांगायला आली, सर, एवढे जगले, की ते विचारत, "थे असू दे. किती मेले थे आधी सांग."

बी पेरलं तरी तेच, निकाल लागला तरी तेच. पहिला आलेला मुलगा पेढे घेऊन आला तर पेढा तोंडात टाकून विचारायचे, "नापास किती झाले तुह्या वर्गात?" मुलाचा चेहरा पडायचा. आम्ही स्टाफरूममध्ये याची नक्कल करून हसायचो. मी नक्कल जरा जास्तच चांगली करत असे, हेही इथं सांगून टाकतो.

स्टाफरूममध्ये पाण्याची एक मोठी तांब्याची घागर होती. तांब्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं, असं आमच्या प्राचार्यांचं ठाम मत. घागर रोज चिंचेनं घासली जाई. खिल्लारे सर नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांच्या प्रयोगशाळेत एक नवा माठ आला. प्राचार्य म्हणाले, "तुम्हाला सारखं इकडे यायला नको, तुमची तिथंच सोय केली." माझी प्रयोगशाळा स्टाफरूमपासून त्यांच्यापेक्षाही लांब होती, पण माझी अशी सोय कोणी केली नाही. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोललं नाही. मीही नाही. सर एवढंच म्हणाले, "बरं झालं. माठाचं पाणी गार राह्यते."

पुढं एका वर्षी स्नेहसंमेलनाला प्राचार्यांनी स्टाफसाठी लिंबूसरबत करायला सांगितलं. ऐनवेळी घाई नको म्हणून गूळ-लिंबाचं सरबत आदल्या दिवशीच घागरीत भरून ठेवलं. आता, बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे कुठल्याही आजीला विचारा. आम्ही बारा पदवीधर होतो, त्यात एक रसायनशास्त्राचा. सकाळी सगळ्यांनी दोन-दोन पेले सरबत घेतलं आणि उद्घाटनाच्या वेळेला मंचावर कोणी नव्हतं. सगळे मागच्या निंबाखाली ओणवे होते. पाहुण्यांचं स्वागत, प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, सगळं खिल्लारे सरांनी एकट्यानं केलं. त्यांना काहीच झालं नव्हतं. ते आपल्या माठातलं पाणी प्यायले होते.

नंतर मला भेटायला आले. मी खाटेवर पडून होतो. म्हणाले, "देशपांडे, पोट कसं हाय? माही सोय केली थे बेस केलं तुमी लोकायनं."

मी हसलो नाही. हसलो असतो तर पुन्हा ओकारी आली असती.

घागर अपशकुनी ठरली. कोणी तिला हात लावेना, तेव्हा सरांनी ती मागून घेतली, तळाशी उरलेल्या सरबतासकट. तीन आठवड्यांनी मला बोलवायला त्यांचा शिपाई बबन आला. बबन म्हणजे पन्नाशीचा, बारीक, मेडशी गावची बायको केलेला माणूस, सरांवर जीव टाकायचा. "चाला, सरायनं बलावलं. घागर जिती झाली म्हनतात."

घागरीत फेस आला होता. हिरवट पाणी, आणि त्यावर पांढरा फेस. ज्या पाण्यानं बारा माणसं आडवी पाडली, त्यात कोणीतरी सुखानं नांदत होतं. सरांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बघायला लावलं. यीस्टच्या गोल गोल पेशी, अंगाला बारकी लेकरं फुटलेल्या. सरांनी मग माझ्याकडून मोरचूद नेलं, म्हणजे संत्र्याच्या झाडांना लावतात ते तांब्याचं निळं विष, आणि घागरीत थोडं थोडं वाढवत गेले. बेकरीतलं यीस्ट ज्यात तासाभरात गार पडे, त्यात हे मजेत राहत होतं.

मी म्हणालो, "सवय झाली असेल. रोज थोडं थोडं विष खाल्लं की पचतं."

सरांनी सूक्ष्मदर्शक झाकला. मग म्हणाले, "सगळे हेच म्हनतात. पाहू."

ते 'पाहू' सहा वर्षं चाललं.

पहिल्यांदा त्यांनी काय केलं तर कापडाच्या दुकानातून अर्धा वार मखमल आणली. दुकानदारानं विचारलं, "सर, चोळीले पाह्यजे काय?" सर म्हणाले, "नाई, ठप्पा माराले." हे गावभर झालं. पण ठप्पाच होता तो. काचेच्या बशीत चायनाग्रासचा गोड थर, त्यावर यीस्टचे शेकडो ठिपके वाढवलेले. या बशीत विषाचा थेंब नाही. त्या बशीवर मखमल दाबायची, म्हणजे प्रत्येक ठिपक्यातलं थोडं थोडं मखमलीच्या लवीला चिकटतं. मग तीच मखमल मोरचूद घातलेल्या दोन बशांवर एकामागून एक दाबायची. दोन दिवसांनी विषाच्या बशांत जवळजवळ सगळं मेलेलं, फक्त दोन-तीन ठिपके जगलेले. आणि दोन्ही बशांत नेमक्या त्याच जागी. सरांनी मग मूळच्या गोड बशीतली तीच जागा शोधली, तिथलं यीस्ट उचललं. त्यानं विष कधी पाहिलंही नव्हतं. ते मोरचुदात टाकलं, तर जगलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे विषानं त्याले काही शिकवलं नाई. त्याच्यात थे आधीपासूनच होतं. विषानं फक्त बाकीचे मारले." त्यांनी वही उघडली. पानाच्या डाव्या बाजूला जगलेले, उजव्या बाजूला मेलेले. मी आजवर पाहिलेल्या संशोधनाच्या वह्यांत उजवी बाजू कोणी ठेवलेली नाही.

नंतर ते आधीपासून असणं कुठं असतं, याचा शोध सुरू झाला. घागरीतल्या यीस्टचं बेकरीतल्या यीस्टशी लग्न लावायचं. अशा जोडप्याला एका पिशवीत चार लेकरं होतात. ती पिशवी विरघळवायला गोगलगायीच्या पोटातला रस लागतो. त्यामुळे संत्र्याच्या बागेत ओल्या पाल्याखाली गोगलगायी वेचणारे एम.एस्सी. प्राध्यापक लोकांनी पाहिले आणि दारूवाल्या सरांना आता चढली, यावर गावाचं एकमत झालं. रस घातला की दिव्यावर ओढलेल्या काचेच्या केसाएवढ्या सुईनं चार लेकरं वेगळी करायची. त्या वेळी सर श्वास रोखून बसत. बबन दाराबाहेर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हातानं थांबवी, एकदा त्यानं प्राचार्यांनाही थांबवलं. चार लेकरांतली दोन मोरचुदात तगायची, दोन मरायची. पुन्हा पुन्हा तेच, दोन आणि दोन. म्हणजे ही ताकद एका जनुकात होती, आईबापाकडून वाटणीला येणारी.

"एकाच घरची चार लेकरं," सर म्हणायचे. "जे मेले त्यायनं काय मेहनत कमी केली?"

या सगळ्यात सरांची एक अडचण होती, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला. यीस्ट जपून ठेवायला फ्रीज लागतो. कॉलेजात फ्रीज आला, पण तो प्राचार्यांच्या खोलीत गेला, कारण घागर गेल्यापासून त्यांच्या पाण्याची आबाळ होत होती. वाशीमच्या मे महिन्यात नळ्यांतलं यीस्ट सुकून जाई नाहीतर त्यावर काळी बुरशी चढे. तेव्हा सरांच्या लक्षात आलं की घागर हीच खरी तिजोरी. आत मोरचुदाचं पाणी, दुसरं काहीच त्यात जगत नाही. आठवड्याला गुळाचा खडा टाकला की झालं. नळ्या त्यांनी ठेवणंच सोडून दिलं. मला मात्र हे माहीत नव्हतं. मी समजत होतो, खरा माल नळ्यांत आणि घागर ही आपली आठवण म्हणून ठेवलेली.

सहाव्या वर्षी नागपूरचे मार्गदर्शक येणार असं ठरलं. सरांच्या डॉक्टरेटची मुदत त्या महिन्यात संपत होती. त्या वृद्ध गृहस्थांचा विश्वास बसत नव्हता की तालुक्याच्या कॉलेजातल्या घागरीत असलं यीस्ट निघतं. वहीवर मी सही करणार नाही, म्हणाले, मला ते जिवंत बघायचंय आणि सोबत न्यायचंय. सही नाही तर सहा वर्षं पाण्यात. सर स्वतः त्यांना आणायला नागपूरला गेले. बबन मेडशीला लग्नाला गेला. आणि मी मागे राहिलो.

त्या सकाळी कॉलेजच्या गल्लीत कल्हईवाला आला. मी सरांच्या खोलीत डोकावलो. टेबलावर ती घागर, हिरवी, कळकट, तोंडाला फेसाचे वाळलेले ओघळ. माझं मन खाऊ लागलं. सहा-सात वर्षं त्यांचा माठ वेगळा ठेवला आपण, आता मोठा माणूस येणार तर निदान एवढं तरी करावं. हो, मला चांगलं वाटून घ्यायचं होतं. घागर उचलली, आतलं पाणी निंबाच्या बुंध्याशी ओतलं, आणि कल्हईवाल्याच्या पुढ्यात बसलो. त्यानं आत वाळू घालून खसखसून घासली, भात्यावर लाल केली, नवसागर टाकला, कथील फिरवलं. आतून चांदीसारखी झाली. मी ती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि मागे सरून दोनदा पाहिली.

सोमवारी दुपारी सर पाहुण्यांना घेऊन आले. "हे माह्या यीस्टचं घर," असं म्हणून त्यांनी घागरीत हात घातला. हात तसाच राहिला. मग त्यांनी वाकून आत पाहिलं.

"कोणी केली?"

"मी," मी म्हणालो. माझ्या तोंडावर अजून हसू होतं.

त्यांनी आत बोट फिरवलं. "कारागीर चांगला हाय," म्हणाले. "कोपऱ्यातसुद्धा काही ठेवलं नाई."

मला त्या क्षणी कळलं. निंबाच्या बुंध्याशी धावत गेलो, माती उकरली. तिथं मुंग्या लागल्या होत्या. मी खाली बसून रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही. सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "उठा देशपांडे. धोतर खराब होऊन राह्यलं."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. ते गुरुवारच्या गाडीनं जाणार होते. तोवर दाखवता आलं तर दाखवा, म्हणाले.

संध्याकाळी बबन परतला. सगळं ऐकलं. मग सरांच्या पायाशी बसला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "सर, मले नोकरीवरून काढा. पन थोडंसं हाय, मेडशीले."

गेल्या वर्षी पोलिसांनी त्याच्या साळ्याच्या भट्टीचे डबे फोडले. साळ्यानं मग आजीच्या जुन्या तांब्याच्या हंड्यात गूळ-मोहाचं पाणी आंबायला लावलं, तर ते आंबेचना. बबननं घागरीतला पेलाभर फेस नेऊन त्यात ओतला होता. तेव्हापासून हंडा खळखळत होता.

ज्यापायी सरांनी आयुष्याची सहा वर्षं घालवली ते बीज आता फक्त एका हातभट्टीत जिवंत होतं. सरांनी पिशवीत एक रिकामी बाटली टाकली. मग म्हणाले, "सकाळची येष्टी कितीची हाय?"

मेडशीच्या नाल्यात पळसाच्या आड ती भट्टी. साळा दांडग्या अंगाचा, बोलका. हंड्यावरचं झाकण काढून म्हणाला, "लय भारी बीज हाय साहेब. तांबं खाते हे. कुठून आनलं थे बबनभाऊ सांगत नाई." सरांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली. साळ्यानं हात आडवा धरला. "तसं नाई जमत. बीज नेनारानं आधी भट्टीचं चाखा लागते. नाई त भट्टी बसते. आमच्या बापापासून हाय हे." आणि त्यानं पितळेची वाटी पुढे केली.

सर वाटीकडे पाहत उभे राहिले. मी त्यांना ओळखत होतो. एका बाजूला सहा वर्षं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या वडिलांचा एक दिवस. त्यांनी बाटलीचं बूच परत लावलं. "राहू दे बबन," म्हणाले. "चाल."

आणि वळले. खरंच चालायला लागले.

मी वाटी घेतली. "बीज मी नेतोय," म्हणालो. त्याच वाटीतून आधी साळ्यानं घेतली होती, बबननं घेतली होती. आमच्या घरात असलं कोणी कधी ऐकलं नसेल. एका घोटात संपवली. घसा असा पेटला की मला काही दिसेना. खोकत खाली बसलो तेव्हा कोणीतरी हातात बाटली दिली. मी घटाघटा पाणी प्यालो, बाटली संपवली, आणि मग पाहिलं की ती सरांची पाण्याची बाटली.

सर म्हणाले, "सात वर्षं झाली देशपांडे. एवढ्यासाठी मेडशीले यायची गरज नव्हती."

गुरुवारी सकाळी पाहुण्यांसमोर दोन बशा ठेवल्या. मोरचुदाच्या निळसर थरावर बेकरीचं यीस्ट टाकलं होतं तिथं काही नाही. भट्टीचं टाकलं होतं तिथं पांढरे ठिपके, तांदळाच्या कण्यांएवढे. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं, सही केली आणि एक नळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. यीस्ट कुठून आणलं, हे सरांनी त्यांना खरं सांगितलं. मेडशीच्या येष्टीत बसलेल्या कोणीतरी गावालाही सांगितलं होतं. त्यामुळे खिल्लारे सर भट्टीवर दिसले, ही बातमी डॉक्टरेटच्या बातमीच्या बऱ्याच आधी पोचली. पिऊन आलो होतो तो मी. माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

डॉक्टरेट झाली, नागपूरला जागा मिळाली, आणि सत्कार व निरोप एकाच समारंभात उरकले गेले. प्राचार्यांनी भाषण सुरेख केलं. म्हणाले, "खिल्लारे सरांनी आयुष्यभर विष पचवलं आणि त्या विषानंच त्यांना मोठं केलं. त्यांच्या या यीस्टसारखंच."

टाळ्या पडल्या. सर उठले. वही आणली होती, पण उघडली नाही.

"रिठदच्या शाळेत माह्या वर्गात आमच्या वस्तीची सतरा पोरं होती," ते म्हणाले. "गोविंदा माह्याहून हुशार होता. गणित थोच मले सांगे. पाण्याच्या रांगेत, वर्गाच्या दाराशी, जे मले मिळालं थेच त्यालेही मिळालं. थो दुसरीतच शाळेतून गळाला. बाकीचे चौथीपावतर गळाले. आज मी एकटाच इथं उभा हाय, आन तुमी माह्याकडं पाहून म्हनता विष चांगलं असते. मी सहा वर्षं हेच पाह्यलं. विषानं कोणी मोठं होत नाई. तुमी फक्त उजवी बाजू लिहीत नाई."

कोणाला टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना. एकानं सुरू केल्या म्हणून बाकीच्यांनी वाजवल्या. सरबत झालं, या वेळी स्टीलच्या पिंपातलं.

येष्टीपर्यंत मी आणि बबन गेलो. घागर त्यांनी बबनला देऊन टाकली होती. खिडकीशी बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत मखमलीत गुंडाळलेल्या नळ्या. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "माठ भरून ठेवला हाय. वाया नका जाऊ देजा."

मी परत आलो. प्रयोगशाळेत माठ काठोकाठ भरलेला होता, बाहेरून ओला, गार. मी तो दोन्ही हातांनी उचलून स्टाफरूममध्ये आणला, जिथं घागर असायची तिथं ठेवला, वर झाकण ठेवून पेला पालथा घातला. सगळ्यांनी पाहिलं. एकानं तर जागा करून दिली. उन्हाळा होता, सगळ्यांना तहान होती, आणि बाकीचे सगळे दिवसभर प्राचार्यांच्या खोलीतल्या फ्रीजकडे जात-येत राहिले.

संध्याकाळी झाकण काढून पाहिलं. एक पेला कमी होता, तो माझाच होता. सरांची खोड मला लागलीच आहे, म्हणून न प्यालेले मोजले. अकरा.